हंडा मोर्चाच्या पुढे

(मुखेड येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



गरीब वस्त्यांचा पाणीपुरवठा आणि तेथील स्वच्छता असा विषय आपण मला दिला आहे. या विषयावर बोलणाऱ्यापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक म्हणजे पावसाला दोष देणे आणि दुसरी म्हणजे सरकारला दोष देऊन पुढच्या मोर्चाची तारीख ठरविणे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे आधी हिशेब मांडतो आणि मग कोणाला किती दोष द्यावयाचा ते आपण मिळून ठरवू.

पहिला हिशेब पावसाचा. नांदेड जिल्ह्याचा सरासरी पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आसपास आहे. नऊशे मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर वर्षाला ९० लाख लिटर पाणी. आता एक हजार वस्तीचे गाव किंवा तांडा घ्या. केंद्र सरकारने जलजीवन मिशनमध्ये माणशी, रोजी ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या मानाने हजार माणसांना वर्षभरात सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागेल. म्हणजे सव्वादोन हेक्टरांवर, साडेपाच एकरांवर, पडणारा पाऊस. बालाघाटच्या या डोंगरउताराचे बरेचसे पाणी वाहून जाते, पुष्कळसे उडून जाते, हे मान्य. म्हणून दहातला एकच भाग हाती लागतो असे धरू. तरीही पंचावन्न एकरांवरच्या पावसात एका तांड्याची वर्षाची तहान भागते. पावसाने दगा दिलेली वर्षे येतात, दोन वर्षे लागोपाठही येतात. परंतु मुखेड, कंधार, देगलूर हा प्रदेश वाळवंट नव्हे. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातील जगत्तुंग समुद्र आजही आहे. हजार वर्षांपूर्वी ज्या भागात माणसांनी असा तलाव बांधला, तेथे पिण्याचे पाणी निसर्गानेच नाकारले आहे असे म्हणणे इतिहासालाही धरून नाही.

दुसरा हिशेब पिकाचा. उसाला साधारणपणे दोन हजार मिलिमीटर पाणी लागते असे धरतात. एका हेक्टर उसाला याप्रमाणे दोन कोटी लिटर पाणी लागले. हा आकडा आपण आताच ऐकला: एक हेक्टर ऊस आणि एक हजार माणसे यांची वर्षाची गरज जवळजवळ सारखी आहे. ऊस लावणारा शेतकरी आपला शत्रू आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या पिकाला हमखास गिऱ्हाईक आणि बरा भाव आहे त्याच्याकडे तो वळणारच, आणि ठिबकने हे पाणी पुष्कळ कमी करता येते हेही खरे. परंतु टंचाई हा शब्द उच्चारताना आपण थोडे थांबले पाहिजे. ज्या शिवारात उन्हाळ्यात ऊस हिरवा उभा असतो आणि त्याच शिवारात पिण्याच्या पाण्याचा टँकर फिरतो, तेथे प्रश्न वाटपाचा असतो.

आपल्या शेजारच्या लातूरने हे सर्व देशाला दाखविले. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातुरात आली. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे एका खेपेला पंचवीस लाख लिटर येऊ लागले. त्या गाडीचे कौतुक झाले आणि ज्यांनी ती चालविली त्यांच्या श्रमाचे ते व्हावयासही हवे. परंतु पंचवीस लाख लिटर म्हणजे एका हेक्टर उसाला वर्षाकाठी लागणाऱ्या पाण्याचा आठवा हिस्सा. साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास अंतर तोडून जे आणले ते एवढे होते, आणि धरण भरलेले असताना त्याच पाण्याचे वाटप कसे झाले याची चर्चा मात्र गाडीच्या शिटीत बुडून गेली.

आता तिसरा हिशेब, जो गरिबाच्या खिशातून जातो. गरिबाला पाणी फुकट हवे असते, तो पाणीपट्टी भरीत नाही, म्हणून योजना तोट्यात जातात, असे नेहमी ऐकविले जाते. समजा, एखाद्या नळधारकाची पाणीपट्टी वर्षाला अठराशे रुपये आहे आणि त्याच्या घरी सरासरीने रोज पाचशे लिटर पाणी येते. त्याला हजार लिटर पाणी दहा रुपयांस पडले. ज्याच्या दारात नळ नाही तो उन्हाळ्यात खाजगी टँकर घेतो. पाच हजार लिटरला हजार रुपये धरले तर हजार लिटरला दोनशे रुपये झाले. आणि ज्याच्याकडे टँकरचे पाणी साठविण्यास टाकी नाही, रोजच्या मजुरीतून रोजचे पाणी विकत घ्यावे लागते, तो वीस लिटरचा जार वीस रुपयांना आणतो. त्याला हजार लिटर पाणी हजार रुपयांस पडले. आकडे गावोगाव थोडे कमीअधिक होतील. चढण मात्र हीच राहील. जो सर्वांत गरीब, त्याचे पाणी सर्वांत महाग. शिवाय बाईच्या श्रमाचा भाव यात कोणी धरलेलाच नाही. रोज दोन तास पाण्यात गेले तर वर्षाचे सातशे तीस तास होतात. आठ तासांच्या पाळीने ते एक्क्याण्णव दिवस भरतात. तीन महिन्यांची बिनपगारी वेठ ही या भागातील बाई पाण्यापायी भरते आणि तिला पाणी फुकट मिळते असे आपले अर्थतज्ज्ञ लिहितात.

तेव्हा गरीब पैसे देत नाही हे खरे नाही. तो देतो, ते पैसे सार्वजनिक तिजोरीत न जाता पाणी विकणाऱ्याच्या पेटीत जातात, एवढाच फरक आहे.

योजना नाहीत म्हणून असे होते काय? योजना पुष्कळ झाल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी आल्या. त्या विहिरींवरील हातपंपाचा इतिहास मराठवाड्याने अभिमानाने सांगावा असा आहे. एका कुटुंबासाठी बनविलेले ओतीव लोखंडाचे पंप सबंध गाव वापरू लागले की मोडत. तेव्हा जालन्यात, तेथील मिशनच्या पाणीविषयक कामात, एक मजबूत पंप घडला. सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या. आणि त्या अनुभवातूनच पुढे सत्तरीच्या दशकात 'इंडिया मार्क दोन' हा पंप तयार झाला, जो आफ्रिका खंडातही पोहोचला. या कथेत आपल्यासाठी धडा आहे. विहीर खणणे हे काम एका दिवसाचे असते आणि पंप चालू ठेवणे हे काम वीस वर्षांचे असते. ज्या गावात दुरुस्ती करणारा माणूस, त्याची हत्यारे आणि त्याचा पगार यांची सोय झाली तेथे पंप चालला. ती जेथे झाली नाही तेथे त्याच्या दांड्याला शेळ्या बांधल्या गेल्या.

त्यानंतर नळयोजना आल्या. २००० सालापासून महाराष्ट्राने मागणीप्रमाणे पुरवठा आणि दहा टक्के लोकवर्गणी हे धोरण धरले. जागतिक बँकेच्या साहाय्याने जलस्वराज्य आले. लोकांनी वाटा उचलला म्हणजे त्यांना योजना आपली वाटेल, हा विचार वाईट नव्हता. परंतु अनेक गावांत ठेकेदारानेच लोकवर्गणी भरली आणि योजना त्याचीच झाली, हे आपणा कार्यकर्त्यांना मी सांगावयास नको. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. प्रत्येक ग्रामीण घरात २०२४ पर्यंत नळ यावयाचा होता. २०२५ च्या अंदाजपत्रकात ही मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यात आली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर आले. नळ पुष्कळ ठिकाणी बसले आहेत. नळ बसणे आणि नळाला पाणी येणे यांत मात्र अंतर आहे, आणि ते अंतर सर्व घरांसाठी सारखे नाही.

का नाही, ते पाहू. गावची टाकी गावठाणात असते. तेथून निघालेली वाहिनी आधी पेठेतून जाते, मग मोठ्या वाड्यांवरून जाते, आणि शेवटी निमुळती होत होत दलित वस्तीत, मातंग वस्तीत किंवा तांड्याच्या वाटेला लागते. नळ सुटल्याबरोबर वरच्या आळीत विजेच्या मोटारी थेट वाहिनीला लागतात आणि शेपटाच्या वस्तीत तोटीतून वारा येतो. कोणी कोणाला अडविलेले नसते. ठराव सर्वांच्या बाजूने असतो. कागदावर त्या घरीही नळजोडणी असते.

कागद आणि पाणी यांतील हे अंतर महाराष्ट्राला नवे नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही त्या पाण्याला हात लागण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे घेऊन तेथे जावे लागले, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले. पुढे १९७२ च्या दुष्काळात बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढली तेव्हा, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनी, गावोगाव पाणवठे वेगळेच होते. आज उघड वेगळेपण कमी झाले असेल. जे काम पूर्वी पाणवठ्यावरची शिवी करीत असे ते आज पुष्कळदा पाइपचा व्यास करतो.

आता स्वच्छतेकडे वळतो, कारण पाणी आणि संडास हे दोन खात्यांचे विषय असले तरी बाईच्या दिवसात ते एकच असतात. स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाले. संडासासाठी बारा हजार रुपयांचे अनुदान मिळाले. एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. संडास बांधले गेले, आणि ते न बांधण्यापेक्षा बांधणे केव्हाही चांगले. परंतु त्यात पाणी कोठून यावयाचे? पाच माणसांच्या घरात संडासाला रोज पन्नास लिटर पाणी सहज लागते. जी बाई दोन हंडे डोक्यावरून आणते ती त्यातला एक तेथे ओतील काय? ती पहाटे अंधारात डबा घेऊन बाहेर पडते आणि त्या संडासात गोवऱ्या आणि सरपण राहते. अशा वेळी तिला समजावयाचे सोडून पहाटे शिट्ट्या वाजवीत 'गुड मॉर्निंग पथके' पाठविली गेली. ज्या व्यवस्थेने नळ दिला नाही तिनेच बाईला चारचौघांत लाजविले. डॉ. राममनोहर लोहियांनी स्त्रियांच्या संडासाचा आणि चुलीच्या धुराचा प्रश्न राजकारणात आणला तेव्हा पुष्कळांना तो हसण्याजोगा वाटला होता. त्यांनी तो स्त्रीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून मांडला होता, लाजविण्यासाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट नजरेआड होते. संडासाचा खड्डा भरल्यावर काय? काळ्या भारी जमिनीत पाणी मुरत नाही, खड्डे लवकर तुंबतात. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एक बंद करून दुसरा वापरता येतो आणि पहिल्यातील मैल्याचे खत होते. एकच बंद टाकी असेल तर ती उपसावी लागते. ती कोण उपसतो आणि त्याची जात कोणती, हे या सभेत सांगण्याची गरज नाही. हाताने मैला उपसण्यास १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. माणूस आत उतरण्याची गरजच पडू नये यासाठी उपसा यंत्र लागते, आणि ते तालुक्याच्या गावी असणे ही चैन नव्हे. हागणदारीमुक्तीच्या फलकामागे एखाद्या माणसाला मैल्यात उतरविले जात असेल तर त्या फलकाखाली उभे राहण्यात अभिमान कसला?

पाण्याच्या अभावाइतकाच पाण्याचा अतिरेकही गरीब वस्तीलाच गाठतो, हे या तालुक्याने ऑगस्ट २०२५ मध्ये पाहिले. अतिवृष्टी झाली, लेंडी प्रकल्पाच्या क्षेत्रात पाणी चढले, हसनाळ, रावणगाव या गावांत ते घरांत शिरले, माणसे दगावली, बचावासाठी सैन्यदल बोलवावे लागले. लेंडी प्रकल्पाचे काम ऐंशीच्या दशकापासून रेंगाळलेले. पुनर्वसन पुरे होण्याआधीच पाणी आले, ही गावकऱ्यांची तक्रार. पूर ओसरल्यावर ज्या विहिरींत आणि विंधन विहिरींत गटाराचे व उकिरड्याचे पाणी उतरते, त्याच पाण्यावर पुढचे महिने काढावे लागतात. उन्हाळ्यात टँकर आणि पावसाळ्यात जुलाबाची साथ, या दोहोंचे मूळ एक आहे: ज्याचा आवाज कमी त्याची वस्ती नियोजनात शेवटी येते.

यावर ठरलेले उत्तर असते की पैसा नाही. त्याला न्यायालयाने फार पूर्वी उत्तर दिले आहे. मध्य प्रदेशातील रतलाम येथील एका वॉर्डाच्या रहिवाशांनी उघडी गटारे आणि संडास यांबद्दल दाद मागितली तेव्हा नगरपालिकेने पैशाची अडचण पुढे केली. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने सांगितले की लोकांचे आरोग्य राखणे हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे आणि तिजोरीच्या सबबीने ते टाळता येणार नाही. आपल्याकडेही १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात पाणी, गटारे आणि सार्वजनिक संडास ही नगरपालिकेची कर्तव्ये सांगितलेली आहेत. ग्रामपंचायतींना पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानाचा साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवला होता. आपल्या पंचायतीत तो कोठे खर्च झाला हे किती कार्यकर्त्यांनी वाचले आहे?

खाजगी कंपनीकडे काम सोपविले की सर्व सुरळीत होईल, असेही सांगितले जाते. औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१४ साली शहराचा पाणीपुरवठा कंपनीकडे गेला आणि २०१६ साली महापालिकेला तो करार रद्द करावा लागला. शहर होते तेथेच राहिले, वर्षे गेली. परंतु खाजगीकरणाला विरोध करणारांनी सार्वजनिक व्यवस्था चालवून दाखविण्याची जबाबदारी घेतली पाहिजे. तसेच सर्वांना सर्व पाणी फुकट, ही घोषणाही समाजवादी नाही. बागेला आणि गाडी धुण्याला फुकट पाणी देणे म्हणजे नळवाल्याला नळ नसलेल्याच्या पैशाने पोसणे होय. जगण्यापुरते पाणी प्रत्येकाला हक्काने आणि त्यावरच्या वापराला चढती पट्टी, ही आपली भूमिका असली पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. आपली चळवळ हंडा मोर्चा काढते. रिकामे हंडे घेऊन बाया तहसीलीवर जातात, घोषणा होतात, तहसीलदार निवेदन घेतात, दोन दिवसांनी टँकर येतो आणि आपण विजय जाहीर करतो. मित्रहो, टँकर हा त्या मागणीचा पराभव असतो. टँकर आला की कायमच्या व्यवस्थेची निकड संपते आणि टँकरवाल्याचा हितसंबंध तयार होतो. हंडा मोर्चा काढूच नये असे मी म्हणत नाही. तो आरंभ आहे, आणि आपण त्यालाच शेवट मानतो. मृणाल गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' म्हटले ते त्यांनी मोर्चे काढले एवढ्यासाठी नव्हे. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत गेल्या आणि वस्त्यांचा पाण्याचा प्रश्न सभागृहात आणि रस्त्यावर दोन्हीकडे लावून धरला. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९१० पासून समाजवादी महापौर निवडून येऊ लागले. त्यांनी गटारे, नळ, आरोग्य यांकडे इतके लक्ष दिले की स्वपक्षीयांनीच त्यांना टिंगलीने गटारी समाजवादी म्हटले. लोकांनी मात्र त्यांच्यातील डॅनियल होन यांना १९१६ पासून १९४० पर्यंत महापौरपदी ठेवले. गटारापासून सुरू झालेला समाजवाद लोकांना कळतो, कारण तो त्यांच्या दारातून वाहतो.

म्हणून प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. कोणत्या दिवशी नळ आला, किती वेळ आला, शेवटच्या घरी किती हंडे भरले, हे त्या वस्तीतल्या बायांनी लिहावे किंवा सांगून लिहून घ्यावे. टँकर असेल तर त्याच्या खेपाही त्यात याव्यात. तीन महिन्यांची वही ग्रामसभेत किंवा नगरपालिकेच्या सभेपुढे वाचली गेली तर तिला उत्तर देणे भाग पडते, कारण ती घोषणा नसून पुरावा असते. शेपटाच्या वस्तीला वेगळी वाहिनी आणि वेगळा जलकुंभ मागा. तो होईपर्यंत पाळीचा क्रम उलटा करून पहिले पाणी शेवटच्या वस्तीला सोडावयास लावा. त्याला एक पैसाही लागत नाही, फक्त व्हॉल्व्ह आधी कोणता उघडायचा एवढे ठरवावे लागते. सार्वजनिक पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या भूजल कायद्याने बंधन घातले होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २००९ च्या कायद्याने विहिरींच्या खोलीवर मर्यादा आणली आहे. हा कायदा तहसीलदारांच्या कपाटातून बाहेर काढणे हे आपले काम आहे. नळ सोडणाऱ्या आणि गटार काढणाऱ्या कामगाराचा पगार थकला असेल तर ती त्याची खाजगी अडचण मानू नका. त्याचा पगार थकतो तेव्हा वस्तीचे पाणी थकते. आणि दिवाळीनंतर जे तांडे ऊसतोडीला व वीटभट्टीवर जातात त्यांना तेथे, पालाच्या मुक्कामी, पाणी आणि संडास मिळतो की नाही हेही याच वहीत आले पाहिजे. गावचा नळ त्यांच्याबरोबर प्रवास करीत नाही.

हे काम मोर्चासारखे वर्तमानपत्रांत येणारे नाही. वही लिहिणाऱ्याचा सत्कार होत नाही. परंतु पाण्यावरचा हक्क चवदार तळ्यावर ओंजळीने सिद्ध झाला. तो टिकवावयाचा तर रोज मोजावा लागेल. २०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला, भारताने त्याच्या बाजूने मत दिले. मुखेडच्या शेवटच्या वस्तीतील शेवटच्या तोटीला ते मत पोहोचले की नाही, हे न्यूयॉर्कला कळणार नाही. ते आपणच पाहावयाचे आहे, आणि येत्या उन्हाळ्याच्या आत पाहावयास लागले पाहिजे.